मागच्या स्टुलावर बसून बघितलेलं शिकवणं

"हे असं, मग असं, आणि हे असं. कळलं?"

सर्जरीचे एक खूप सीनियर सर सहा पोरांना गाठ मारायला शिकवत होते आणि मी मागे स्टुलावर वही घेऊन बसले होते. एका हाताने मारायची गाठ. सरांचे हात इतके सुंदर चालतात की बघतच राहावं, धागा आपणहून जागेवर जाऊन बसतो असं वाटतं. पोरं पण बघतच राहिली. मग सर म्हणाले आता तुम्ही करा, आणि सहाच्या सहा जणांचं पहिल्या वळशालाच अडलं. सरांनी परत करून दाखवलं, थोडं हळू. परत तेच. तिसऱ्यांदा सर जरा वैतागले, एवढं सोपं आहे रे, नीट बघा ना. मी वहीत त्या दिवशी फक्त एकच गोष्ट मोजत होते, वीस मिनिटांत सर 'असं' हा शब्द चाळीसच्या वर वेळा बोलले. कुठलं बोट, कुठल्या बाजूने, धाग्याचं कुठलं टोक, हे एकदाही नाही.

पोरं गेल्यावर सरांनीच विचारलं, काय गं, काय लिहिलंस एवढं? मी म्हटलं सर, आधी एक करूया का, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा आणि मला नुसतं तोंडाने सांगून गाठ मारायला लावा, मी फिजिशियन आहे, मला खरंच येत नाही. सर हसले, म्हणाले घे धागा. मग म्हणाले, टोक धर. मी धरलं. नाही नाही, दुसरं. मग... आणि सर थांबले. त्यांचे खांदे हलत होते, पाठीमागे बोटं हवेतच गाठ मारत होती हे मला दिसत होतं, पण शब्द येत नव्हते. शेवटी त्यांनी हात पुढे घेतला, स्वतःच्या बोटांकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत अगदी हळू एक वळसा घेतला आणि म्हणाले, अरे, मी मधलं बोट वाकवून धाग्याखालून घालतो आणि मग मधल्या आणि चौथ्या बोटाच्या चिमटीत पकडून ओढतो. आणि दुसरा वळसा उलट्या दिशेने घ्यायचा, नाहीतर गाठ सपाट बसत नाही, सरकते. हे मी पोरांना सांगितलंच नाही का?

नव्हतं सांगितलं. आणि यात सरांचा काही दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. हात पक्का बसला की ती गोष्ट डोक्यातून हातात उतरते आणि मग ती तोंडात परत आणायला वेगळी मेहनत लागते. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने तिच्या पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला होता, एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. मेडिकल कॉलेजमध्ये रोज, प्रत्येक वॉर्डात हेच चाललेलं असतं, समोरचा कितीही हुशार असला तरी.

सरांनी पुढच्या आठवड्यात दुसरी बॅच घेतली तेव्हा आम्ही पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत वापरली. आधी न बोलता नेहमीच्या वेगाने एकदा करायचं, मग प्रत्येक हालचाल सांगत सांगत हळू करायचं, मग विद्यार्थ्याने बोलायचं आणि सरांनी तो सांगेल तेवढंच करायचं, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः करायचं. यातली तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, वेळ जातो म्हणून. पण खरा माल तिथेच आहे. पोरगं बोलायला लागलं की त्याच्या डोक्यात काय चुकीचं बसलंय ते धागा हातात येण्याआधीच बाहेर पडतं. त्या दिवशी एक मुलगी दोन्ही वळशांना तीच दिशा सांगत होती. सरांनी ती म्हणाली तशीच गाठ मारली, ओढली, गाठ सरकली, आणि ती स्वतःच म्हणाली, थांबा सर, दुसरा उलटा.

मी हे काम बरीच वर्षं करतेय, म्हणजे पेशंट बघणं आणि शिकवणं आहेच, पण त्यासोबत फॅकल्टीला, म्हणजे कॉलेजच्या शिक्षकांना, शिकवण्यात मदत करणं. आणि मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट ही आहे की डॉक्टर झाल्यावर आपल्याला प्रत्येक गोष्ट कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवतं, पहिली सलाइन, पहिला टाका, पहिली डिलिव्हरी, कुणीतरी बघत असतं, हात धरतं, चूक झाली की थांबवतं. पण शिकवणं? एक दिवस आपण रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात काम करत शिकणारे डॉक्टर असतो आणि काही महिन्यांनी शंभर-दीडशे पोरांसमोर माइक हातात. विषय येतो म्हणजे शिकवता येतंच असं सगळ्यांनी धरलेलं असतं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत आपलं शिकवणं आपल्या बरोबरीचं कुणीही मागे बसून बघत नाही. मला चाळीशी-पन्नाशीतले कितीतरी जण भेटलेत ज्यांना आयुष्यात एकदाही कुणी सांगितलेलं नाही की तुम्ही शिकवताना हे छान करता आणि हे जरा बदला.

ही अडचण नवीन नाहीये. १९५० च्या दशकात बफेलो विद्यापीठात जॉर्ज मिलर नावाच्या फिजिशियनने हाच विचार करून शिक्षणशास्त्रातल्या लोकांना मेडिकलच्या शिक्षकांबरोबर बसवलं होतं, तेव्हा ते फारच वेगळं वाटलं असणार. याच मिलर यांचा १९९० मधला पिरॅमिड आता जगभर शिकवतात, खाली 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो', आणि टोकाला 'रोजच्या कामात खरंच करतो'. विद्यार्थ्यांची परीक्षा घेताना आपण हा पिरॅमिड अगदी मनावर घेतो. पण तोच फॅकल्टीला लावून बघा. दोन दिवसांचं वर्कशॉप, फोल्डर, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि आपण समजतो की आता हे चांगले शिक्षक झाले. वर्कशॉपमधून माणूस फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतो. सोमवारी वॉर्डात तो काय करतो ते बघायला कुणी जातच नाही.

मी वर्कशॉपच्या विरोधात नाही, मी स्वतः कितीतरी घेतलेत आणि पुढेही घेईन. लोक एकमेकांना भेटतात, आपल्यासारखाच त्रास दुसऱ्यालाही होतो हे कळतं, ते खूप मोलाचं आहे. पण यव्हॉन स्टाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फॅकल्टी डेव्हलपमेंटवरच्या, म्हणजे शिक्षकांना शिकवायला तयार करण्यावरच्या, अभ्यासांचा मोठा आढावा घेतला होता, त्यात कार्यक्रम लोकांना आवडतात, त्यातून दृष्टिकोन बदलतो हे दिसलंच, पण उपयोगी कुठले ठरतात हेही आलं, जिथे स्वतः करून बघायला मिळतं, त्यावर फीडबॅक मिळतो आणि बरोबरीच्या लोकांचं नातं तयार होतं ते. स्टॅनफर्डमध्ये केली स्केफ यांनी तर १९८० च्या दशकातच वॉर्डात शिकवणाऱ्या डॉक्टरांचे व्हिडिओ घेऊन ते त्यांच्याबरोबर बसून बघायची पद्धत वापरली होती. म्हणजे उत्तर कधीचं माहीत आहे. फक्त ते वेळखाऊ आहे, एकेका माणसाबरोबर बसावं लागतं, आणि त्याचा ग्रुप फोटो निघत नाही.

आता दुसरा प्रसंग सांगते, कारण माझं स्वतःचं डोकं त्या दिवशी खऱ्या अर्थाने उघडलं. मेडिसिनच्या एक मॅडम, प्रचंड अभ्यासू, पोरांची खूप आवडती. त्यांनी स्वतः बोलावलं होतं, म्हणाल्या माझा राउंड बघ आणि सांग पोरं बोलत का नाहीत. मी मागे उभी राहिले. पेशंटची स्प्लीन, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असते ती प्लीहा, वाढलेली होती. मॅडमनी विचारलं, स्प्लीन वाढण्याची कारणं काय? आणि लगेच, हां, इन्फेक्शन, त्यात मलेरिया, मग पोर्टल हायपरटेन्शन, मग रक्ताचे आजार, बरोबर? पोरांनी माना डोलवल्या. पुढचा प्रश्न, परत उत्तर मॅडमचंच. मी कागदावर नुसत्या रेघा ओढत होते. त्या राउंडमध्ये एकूण अकरा प्रश्न, त्यातल्या आठांची उत्तरं मॅडमनी स्वतः दिली होती, आणि प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत एखादा सेकंद जात असेल जेमतेम.

हा एक सेकंद फार जुना आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. आणि आपली डॉक्टर जमात तर याबाबतीत आणखीनच घाईची. १९८४ चा बेकमन आणि फ्रँकेल यांचा अभ्यास आहे, पेशंट तक्रार सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्येच तोडतात. जो माणूस दिवसभर पेशंटला १८ सेकंद देतो तो पोरांना तीन सेकंद तरी कुठून देणार, ती सवय एकच आहे.

मी मॅडमना काहीच बोलले नाही, कागद दाखवला. अकरा रेघा, आठांवर गोल. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, मला वाटायचं त्यांना येत नाहीये, म्हणून मी मदत करतेय.

पुढच्या राउंडला त्यांनी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले होते, नंतर कळलं की त्या आत अंगठ्याने एकेक बोट दाबत मोजत होत्या. तोच पेशंट होता. केस प्रेझेंट करणाऱ्या मुलाने सांगितलं, स्प्लीन बरगडीखाली दोन सेंटिमीटर हाताला लागते. मॅडम म्हणाल्या, तुझ्या हाताला कशी लागली ते सांग मला. आणि थांबल्या. वॉर्डातली ती शांतता मला अजून आठवते, कुणाच्या तरी मॉनिटरचा आवाज तेवढा. एक, दोन, तीन, चार. मुलगा खाली बघत म्हणाला, मॅडम, मला स्प्लीन लागलीच नाही. फाइलमध्ये लिहिलं होतं म्हणून सांगितलं.

किती दिवस हे चाललं असेल? त्याने त्याआधीच्या किती केसेसमध्ये असंच वाचून सांगितलं असेल, आणि ते कधी बाहेरच आलं नसतं, कारण नेहमीसारखं त्याने दोन सेंटिमीटर म्हटल्याबरोबर मॅडमनी पुढे कारणं सांगायला घेतली असती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पेशंटची परवानगी घेतली, मुलाचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि थेट पोटाच्या उजव्या बाजूला खाली नेऊन ठेवला. इथून सुरुवात कर. स्प्लीन वाढते ती तिरकी, उजवीकडे खाली. तू बरगडीच्या अगदी खालून सुरू केलंस ना, मग स्प्लीन मोठी असेल तर तुझी बोटं तिच्यावरच असतात, कड लागणार कुठून? पेशंटला श्वास आत घ्यायला सांग, श्वासाबरोबर ती खाली येऊन तुझ्या बोटांना भेटेल, तू तिच्यामागे जाऊ नकोस. श्वास सोडताना हात थोडा वर. परत. परत. चौथ्या की पाचव्या श्वासाला त्या मुलाचा चेहरा बदलला. लागली मॅडम! पेशंट पण हसले. सगळं मिळून चार मिनिटंसुद्धा गेली नसतील.

वेळ नाही ही तक्रार मी सगळ्यांकडून ऐकते आणि ती खरी आहे, ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना शिकवायचं कधी. अशा लोकांना मी नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९९२ ची पद्धत सांगते, वन मिनिट प्रिसेप्टर, म्हणजे एका मिनिटाचा शिक्षक, म्हणतात तिला. पोराने पेशंटबद्दल सांगितलं की आधी त्याला विचारायचं, तुला काय वाटतं काय झालं असेल? मग, कशावरून वाटतं? मग एकच नियम शिकवायचा, दहा नाही. मग काय बरोबर केलं ते नेमकं सांगायचं आणि काय चुकलं ते सुधारायचं. पहिला प्रश्न सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्याला निदान आधीच दिसलेलं असतं आणि ते सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याने एकदा तोंडाने 'न्यूमोनिया' म्हटलं, की मग मानेची शीर फुगलेली होती का ते बघितलंस का, हार्ट फेल्युअरमध्ये ती फुगते, हा प्रश्न त्याच्या आयुष्यभर लक्षात राहतो. आपणच आधी हार्ट फेल्युअर म्हटलं तर तो नुसता लिहून घेतो.

आणि फीडबॅकबद्दल. 'छान, अजून वाचत जा' हा फीडबॅक नाही. 'पोट तपासायच्या आधी तू पडदा ओढलास आणि हात चोळून गरम केलेस, ते फार चांगलं केलंस' हा फीडबॅक आहे. दुसरं टोक म्हणजे राउंडमध्ये पेशंटसमोर पाणउतारा करणं. आम्हाला पण असंच शिकवलं, आम्ही काय बिघडलो, असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि मी त्यांच्याशी भांडत नाही, पण एक विचारते, तुमचा रेसिडेंट रात्री दोन वाजता तुम्हाला फोन करायला घाबरतो का? कारण ज्याला दिवसा सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं जातं तो रात्री शंका आली तरी ब्र काढत नाही, आणि त्याची किंमत पलंगावरचा माणूस देतो. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त सापडली, त्या चुकीचं जास्त करत होत्या म्हणून नाही, तिथे माणसं चूक झाली हे उघड बोलू शकत होती म्हणून. मला हे वाचून कितीतरी जुने राउंड आठवले, ज्यात मी गप्प होते.

आता मागे बसणाऱ्यानेही काही पथ्यं पाळायला हवीत, हे मला अनुभवातूनच कळलं. काय बघू ते आधी त्यांनाच विचारायचं. एका वेळी एक-दोनच गोष्टी. नंतर बोलताना 'तुमचं चुकलं' न म्हणता काय दिसलं ते दाखवायचं, रेघा, आकडे, एखादं वाक्य जसंच्या तसं, बाकीचं हुशार माणसाला आपोआप कळतं आणि इथे सगळेच हुशार असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कागद त्यांचे, आपले नाहीत. एका ठिकाणी माझ्या या नोंदी वरिष्ठांकडून मागवल्या गेल्या, वार्षिक मूल्यमापनाला जोडायला. मी दिल्या नाहीत, पण नुसती बातमी पसरली तेवढं पुरलं. त्यानंतर कित्येक महिने एकाही माणसाने मला वर्गात बोलावलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. ज्या कागदामुळे प्रमोशन अडेल तो कागद लिहिणाऱ्यासमोर कोण मोकळेपणाने अडखळेल? मदत आणि तपासणी एकाच वहीत ठेवता येत नाही. प्रमोशनला पेपर किती छापले ते मोजतात आणि शिकवणं एका ओळीत संपवतात हे दुःख वेगळंच, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

लेक्चरबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान आणि इंजिनियरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले होते, मुलांना स्वतः काही करायला लावणाऱ्या वर्गांपेक्षा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण दीडपट दिसलं. पण शिक्षकांनी मनाची तयारी ठेवावी अशी गोष्ट २०१९ च्या हार्वर्डच्या फिजिक्सच्या अभ्यासात आहे, मुलांना स्वतः धडपडायला लावलं तेव्हा ती जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की छान गुळगुळीत लेक्चरमधूनच जास्त समजलं. म्हणजे तुम्ही बदल केलात की पहिल्या काही आठवड्यांत पोरांचे रिव्ह्यू खाली जाऊ शकतात. अशा वेळी कुणीतरी बरोबर असावं लागतं, जो म्हणेल की मी बघतोय, वर्गात बरोबर चाललंय, सोडू नका.

गाठीवाले सर आता अधूनमधून माझ्या वर्गात येऊन मागे बसतात. मीच बोलावलं, आपलं शिकवणं कुणीतरी बघतंय याची सवय मलाही लागायला हवी होती. मागच्या महिन्यात मी ईसीजीचा ॲक्सिस, म्हणजे हृदयातला करंट एकूण कुठल्या दिशेने जातो ते, घेत होते, माझा अत्यंत आवडता तास, मला वाटलं फार छान झाला. सरांनी चिठ्ठीवर दोनच ओळी लिहून दिल्या. 'बोर्डावर काढताना तू सलग सहा मिनिटं पाठ करून होतीस. तिसऱ्या रांगेतल्या, खिडकीजवळच्या मुलीने दोनदा हात वर केला आणि खाली घेतला.'

दुसऱ्या दिवशी मी तिला शोधलं. आधी ती घाबरली, काही नाही मॅडम, म्हणाली. मी थांबले. मग म्हणाली, बाकीच्या बहुतेक लीडमध्ये वर दिसतं मग एव्हीआरमध्ये उलटं का? लीड म्हणजे ईसीजी जिथून हृदयाकडे बघतो त्या वेगवेगळ्या बाजू, एव्हीआर त्यातली उजव्या खांद्याकडची. मी तिला कॉरिडॉरमध्येच भिंतीला टेकून उभं केलं, तिच्या उजव्या खांद्याकडे बोट दाखवून म्हटलं, समज तू इथून हृदयाकडे बघतेस, करंट डावीकडे खाली चाललाय, तुला काय दिसेल? ती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, माझ्यापासून लांब जाताना दिसेल. आणि मग तिने स्वतःच हात डाव्या बाजूला नेला आणि विचारलं, मग मॅडम, आपण इथे उभे राहिलो तर?